आग तळघरात, श्वास वरच्या खोल्यांत

ऑक्टोबर उजाडला की न्यू जर्सीतल्या एडिसनपासून शिकागोपर्यंत आणि टोरोंटोपासून कॅल्गरीपर्यंतच्या घरांत एके संध्याकाळी जमिनीलगतच्या जाळ्यांमधून जरासा जळका, धुळकट वास येतो. उन्हाळाभर बंद असलेली, घर तापवणारी फर्नेस पहिल्यांदा पेटलेली असते आणि तिच्यावर साठलेली धूळ तापून जळत असते. तासा-दोन तासांत वास जातो, घर उबदार होतं आणि मग एप्रिलपर्यंत तिची आठवण कुणाला होत नाही. अमेरिकेतली जवळजवळ निम्मी घरं नैसर्गिक वायूवर तापतात. तिथल्या घरांमध्ये खर्च होणाऱ्या एकूण ऊर्जेचा साधारण चार-दशांश वाटा एकट्या घर तापवण्यावर जातो. एवढं काम करणारं आणि आत उघडी ज्योत बाळगणारं हे यंत्र तळघराच्या कोपऱ्यात, जुन्या सुटकेसेस आणि गणपतीच्या मखराच्या खोक्यांमागे दडलेलं असतं.

फर्नेसच्या देखभालीबद्दल जे सांगितलं जातं ते बहुधा दोन कप्प्यांत वाटलेलं असतं. अग्निशमन दल आणि डॉक्टर जिवाची काळजी घ्यायला सांगतात, ऊर्जा खातं आणि गॅस कंपन्या बिलाची. यंत्राच्या आत पाहिलं तर हे दोन्ही प्रश्न हवेपाशी येऊन मिळतात. ज्योतीला लागणारी हवा, तापून घरात फिरणारी हवा आणि जळून बाहेर जाणारी हवा, या तिघींच्या वाटा मोकळ्या आणि एकमेकींपासून वेगळ्या असल्या की घर सुरक्षित राहतं आणि गॅसही कमी जळतो.

तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना फर्नेस समजायला वेळ लागणार नाही. बंबाच्या मधोमध उभी नळी, तिच्यात जाळ आणि भोवती पाणी. जाळ पाण्याला शिवत नाही. नळीचा पत्रा तापतो आणि तो पाणी तापवतो. फर्नेसमध्ये पाण्याच्या जागी हवा असते. धातूच्या वळणदार नळ्यांच्या आत ज्योत आणि बाहेरून पंख्यानं ढकललेली घरातली हवा. या नळ्यांना हीट एक्स्चेंजर म्हणतात. जळालेला वायू आणि मुलांच्या खोलीत जाणारी हवा यांच्यामध्ये त्यांच्या पातळ पत्र्याखेरीज काही नसतं.

आधुनिक फर्नेस पेटते ती एका ठरलेल्या क्रमानं. थर्मोस्टॅटनं उष्णता मागितली की आधी एक छोटा पंखा सुरू होतो आणि नळ्यांमधली शिळी हवा बाहेर ओढतो. ही हवा नीट ओढली जाते आहे हे प्रेशर स्विचनं पारखल्यावरच इग्नायटर लालबुंद होतो, गॅसची झडप उघडते आणि ज्योती पेटतात. ज्योत खरोखर लागली का, हे फ्लेम सेन्सर नावाची एक बारीक सळई तपासते. ज्योतीतून मायक्रोअँपिअरमध्ये मोजावी इतकी क्षीण वीज वाहते, त्यावरून तिला ते कळतं. काही सेकंदांत खात्री पटली नाही तर झडप बंद होते. नळ्या तापल्यावर मोठा पंखा घरभर ऊब पाठवतो. आतली उष्णता मर्यादेबाहेर गेली तर लिमिट स्विच गॅस तोडतो. ज्योत बाहेरच्या बाजूला उसळली तर रोलआउट स्विच तोडतो. या साखळीत कुठेही शंका आली की यंत्र थांबतं. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला ते बिघडलेलं वाटतं, पण अनेकदा ते आपलं सर्वांत महत्त्वाचं काम करत असतं. म्हणून वारंवार बंद पडणाऱ्या फर्नेसचं रीसेटचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहणं किंवा एखाद्या हौशी माणसाकडून स्विचला तार जोडून तो टाळणं, याच्याइतका घातक उपाय दुसरा नाही.

ही सगळी राखण हळूहळू जमत गेली. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या अ‍ॅलिस पार्कर या कृष्णवर्णीय स्त्रीला १९१९मध्ये गॅसवर चालणाऱ्या, वेगवेगळ्या खोल्यांकडे स्वतंत्र नळांनी गरम हवा नेणाऱ्या भट्टीचं पेटंट मिळालं. तोवर बहुतेक घरांत कोळसा होता, आणि त्यासोबत राख, काजळी आणि पहाटे उठून आग चेतवणं. गॅसनं कष्ट संपवले, पण स्वतःचे धोके आणले. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत इमारतीखाली साठलेल्या वायूचा स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जण मृत्युमुखी पडले. त्यांतली बहुतेक मुलं होती. त्या वायूला वास नव्हता, म्हणून गळती कुणाला कळलीच नाही. त्यानंतर वायूत गंधकयुक्त मर्काप्टन मिसळण्याचे कायदे झाले. सडक्या अंड्यांसारखा तो वास आला की दिव्याचं बटणसुद्धा न दाबता बाहेर पडायचं आणि बाहेरूनच फोन करायचा.

गळणाऱ्या गॅसला असा वास देता आला. कार्बन मोनॉक्साइडला तो देता येत नाही, कारण हा वायू नळातून येत नाही, आपल्याच घरात तयार होतो. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की इंधन अर्धवट जळतं आणि रंग, वास, चव यांपैकी काहीच नसलेला हा वायू जन्मतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या आकडेवारीनुसार, आगीशी संबंध नसलेल्या अपघाती विषबाधेनं तिथे दरवर्षी चारशेहून अधिक माणसं मरतात आणि एक लाखाहून अधिक रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात पोचतात. यात फर्नेसखेरीज जनरेटर, गाड्या आणि शेगड्याही आल्या. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरनं जे बळी जातात, त्यांच्यामागेही हाच वायू असतो.

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, विलक्षण थकवा, अशी याची लक्षणं. हिवाळ्यात ती फ्लूसारखी वाटतात. फरक इतकाच की ताप नसतो, घरातल्या सगळ्यांना एकदमच त्रास होतो आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटू लागतं. एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आले आहेत. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर या विषबाधेत उपयोगाचा नाही. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं, आणि माणूस गुदमरत असतानाही आकडा चांगला येऊ शकतो. संशय आला की सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि ९११ला फोन करायचा. आधी खिडक्या उघडून बघू, कारण शोधू, असं करत आत थांबायचं नाही.

उत्तर अमेरिकेतले याबाबतचे कायदे मृत्यूंनंतर आले आणि त्यांतल्या काहींना गेलेल्यांची नावं आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये जानेवारी २००५च्या हिमवादळात बर्फानं एका घराच्या तापकयंत्राचं बाहेरचं तोंड बुजलं आणि सात वर्षांची एक मुलगी गेली. त्याच वर्षी राज्यानं घरांत कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म सक्तीचे करणारा ‘निकोल्स लॉ’ केला. ऑन्टारियोतल्या वुडस्टॉक गावात २००८च्या डिसेंबरमध्ये गॅसच्या शेकोटीचा धूर बाहेर नेणारी वाट तुंबली आणि आई, वडील आणि दोन मुलं असं अख्खं कुटुंब संपलं. त्यांच्या नावानं ओळखला जाणारा हॉकिन्स-जिनॅक कायदा २०१३मध्ये मंजूर झाला. दोन्ही ठिकाणी आग जळत होती तिथेच होती. धुराला बाहेर जायला जागा उरली नाही. नव्या फर्नेसचे पांढरे पीव्हीसी पाइप घराच्या बाजूच्या भिंतीतून, बरेचदा जमिनीपासून थोड्याच उंचीवर बाहेर येतात. गाडीवाट मोकळी करताना उपसलेला बर्फ नेमका त्यांच्यापुढे रचला जातो. वादळ थांबल्यावर पहिलं फावडं या पाइपांपाशी चालवावं, गाडीपाशी नंतर.

अलार्म लावला म्हणजे निश्चिंती, हेही अर्धंच खरं. अमेरिकी मानकानुसार हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग कार्बन मोनॉक्साइड असेल तर अलार्मला वाजायला एक ते चार तासांची मुभा आहे; १५० भागांना १० ते ५० मिनिटं, ४०० भागांना ४ ते १५ मिनिटं. निरोगी प्रौढ माणूस हतबल होण्याआधी त्याला उठवावं, हा त्यामागचा हिशेब. गरोदर बाई, तान्हं मूल किंवा हृदयविकार असलेले आजी-आजोबा घरात असतील तर कमी प्रमाणही दाखवणारा मीटर घेणं मला आवश्यक वाटतं. सेन्सरला वय असतं. जुने अलार्म पाच-सात वर्षांत आणि नवे साधारण दहा वर्षांत बदलावे लागतात. मागे छापलेली तारीख किती घरांत कुणी वाचलेली असते?

आपल्या घरांचा आणखी एक प्रश्न आहे. सत्यनारायणाच्या दिवशी धूप-उदबत्ती झाली किंवा फोडणी जरा जोरात बसली की स्मोक अलार्म किंचाळतो आणि पाहुण्यांसमोर कुणीतरी खुर्चीवर चढून त्याची बॅटरी काढतं. हल्ली धूर आणि कार्बन मोनॉक्साइड, दोन्हींचा अलार्म एकाच डबीत असतो. ती डबी मग ओट्यावर पडून राहते आणि त्या रात्री घराला कुठलीच राखण नसते. झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा स्वतंत्र अलार्म लावला तर ही वेळ येत नाही.

आता घरात फिरणाऱ्या हवेकडे. देखभालीतली सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे फिल्टर, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. एक इंच जाडीचा फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलायचा, चार-पाच इंची असेल तर सहा ते बारा महिने चालतो. तो धुळीनं तुंबला की नळ्यांवरून जाणारी हवा कमी होते. मग नळ्यांची उष्णता जाणार कुठे? लिमिट स्विच गॅस तोडतो, नळ्या निवल्या की पुन्हा पेटवतो, पुन्हा तोडतो. तापणं-निवणं असं हिवाळाभर चाललं की पत्रा शिणतो आणि शेवटी वळणाशी किंवा सांध्याशी तडा जातो. एका साध्या कागदी फिल्टरची हयगय आधी गॅसचं बिल वाढवते, मग पंख्याचं आयुष्य खाते आणि सरतेशेवटी धूर आणि श्वास यांच्यामधला तो पत्रा फोडते.

उलट बाजूची चूकही होते. अ‍ॅलर्जीच्या काळजीनं लोक सर्वांत दाट फिल्टर आणतात. फिल्टरची बारकाई ‘मर्व्ह’ या मापावर मोजतात. ८ ते ११ बहुतेक घरांना पुरतं. १३चा एक इंची फिल्टर अनेक जुन्या फर्नेसना गुदमरवतो. तो हवाच असेल तर तंत्रज्ञाकडून जाड फिल्टरची चौकट बसवून घ्यावी. फिल्टरच्या कडेवरचा बाण पंख्याच्या दिशेनं असावा. बिल वाचवायला न वापरातल्या खोल्यांच्या जाळ्या बंद करणं हाही असाच गैरसमज. पंखा घरभर हवा ढकलायच्या हिशेबानं बसवलेला असतो. वाटा बंद केल्या की घरभर हवा नेणाऱ्या नळांतला, म्हणजे डक्टमधला, दाब वाढतो, हवा सांध्यांतून गळते आणि नळ्या पुन्हा तापतात. पाहुणे म्हणून आलेले आईबाबा झोत अंगावर येतो म्हणून जाळीवर सतरंजी टाकतात, तिथे झोत वळवणारं प्लास्टिकचं झाकण मिळतं ते लावावं.

डक्टमधल्या या हवेच्या गळतीचा विषय बिलाच्या दृष्टीनं सगळ्यांत मोठा. अमेरिकी सरकारच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाच्या अंदाजानुसार सर्वसाधारण घरात डक्टमधून जाणारी २० ते ३० टक्के हवा सांध्यांतून, भोकांतून वाया जाते. घरमालक ९५ टक्के कार्यक्षमतेच्या फर्नेसवर हजारो डॉलर खर्च करतो आणि ती ऊब माळ्यावरच्या फटीतून निघून जाते. सांधे बुजवायला डक्ट टेप मात्र वापरू नये. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या मॅक्स शर्मन आणि इयन वॉकर यांनी १९९८च्या सुमारास वेगवेगळे लेप आणि पट्ट्या तापवून-निववून पाहिल्या, तेव्हा कापडी डक्ट टेपच सर्वांत आधी सुटली. मॅस्टिक नावाचा लेप ब्रशनं लावला की वर्षानुवर्षं टिकतो, आणि उघड्या डक्टवर तो कुणालाही लावता येतो.

कार्यक्षमतेचा आकडा यंत्राच्या पिवळ्या लेबलवर असतो. ८० टक्के म्हणजे शंभर डॉलरच्या गॅसमधली ऐंशी डॉलरची ऊब घराला मिळते, बाकीची धुराड्यातून जाते. कंडेन्सिंग प्रकारच्या फर्नेसमध्ये दुसरा हीट एक्स्चेंजर असतो. तो धूर इतका निववतो की त्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि त्या वाफेत दडलेली उष्णताही घराला मिळते. म्हणून तिची कार्यक्षमता नव्वदच्या वर, उत्तम यंत्रात ९८ टक्क्यांपर्यंत जाते. वर्षाला हजार थर्म (थर्म हे बिलावरचं गॅसचं माप) गॅस जाळणारं ८० टक्क्यांचं घर ९५ टक्क्यांवर गेलं तर तीच ऊब सुमारे ८४२ थर्ममध्ये मिळते. कॅनडानं २०१९पासून नव्या घरगुती गॅस फर्नेससाठी ९५ टक्के ही किमान अट केली आहे. त्या पाण्याची निचऱ्याची नळी मात्र दरवर्षी साफ करावी लागते. ती तुंबली किंवा थंड गॅरेजमधून जाताना गोठली तर ऐन थंडीत फर्नेस बंद पडते.

इथे एक धोका आहे जो यंत्र विकणारे क्वचितच सांगतात. जुन्या घरात फर्नेस आणि पाणी तापवणारी टाकी, दोघांचा धूर एकाच विटांच्या धुराड्यात जातो. नवी कंडेन्सिंग फर्नेस आली की तिचा धूर पीव्हीसी पाइपातून वेगळा निघतो आणि त्या रुंद धुराड्यात टाकी एकटी उरते. तिचा थोडासा धूर एवढं मोठं धुराडं तापवू शकत नाही. मग धूर वर चढत नाही, आत पाणी सुटतं, विटा झिजतात आणि वायू तळघरात परततो. बिल वाचवायला केलेल्या बदलानं घर असं विषारी होऊ शकतं. धुराड्यात योग्य मापाची धातूची अस्तरनळी घालणं हा उपाय आहे, आणि नवी फर्नेस घेतानाच तो करारात लिहून घ्यावा.

धूर उलटा फिरायचं दुसरं कारण आपल्या स्वयंपाकघरात असतं. फोडणीचा वास जावा म्हणून मराठी घरांत ओट्यावर दणकट हूड बसवतात. तो मिनिटाला सहाशे, नऊशे घनफूट हवा बाहेर फेकतो. ती हवा आत कुठून येणार? बंदिस्त घरात ती सर्वांत सोप्या वाटेनं येते, आणि ती वाट टाकीचं धुराडं असू शकते. अमेरिकी बांधकाम नियमावलीत चारशे घनफुटांहून मोठ्या हूडला बाहेरून भरपाईची हवा देण्याची तरतूद आहे, पण जुन्या घरात नुसता हूड बदलणारे ती विसरतात. सोपी चाचणी अशी: दारं-खिडक्या बंद करून हूड आणि कपडे वाळवायचं यंत्र सुरू करायचं, टाकी पेटवायची आणि काही मिनिटांनी तिच्या माथ्यावरच्या उघड्या टोपीशी उदबत्ती धरायची. धूर आत ओढला गेला तर ठीक. तोंडावर आला तर हूड बंद करून, खिडकी उघडून तंत्रज्ञाला बोलवायचं.

तंत्रज्ञ सप्टेंबरात बोलवावा, गर्दी सुरू होण्याआधी. भेट चांगली झाली की नाही हे तो काय मोजतो यावरून कळतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड, डक्टमधला दाब, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतला तापमानाचा फरक, गॅसचा दाब, हे चार आकडे त्यानं लिहून द्यायला हवेत. तापमानातला फरक किती असावा हे यंत्राच्या पाटीवरच छापलेलं असतं. फ्लेम सेन्सर घासणं, हीट एक्स्चेंजर कॅमेऱ्यानं पाहणं ही कामंही त्यात येतात. नुसता फिल्टर बदलून आणि पुसून गेलेल्या माणसानं तपासणी केलेली नसते. ‘नळीला तडा आहे, आजच नवी घ्या’ असं कुणी म्हणालं तर फर्नेस बंद ठेवावी, तड्याचा फोटो मागावा आणि दुसऱ्याचं मत घ्यावं. तडा खरा असू शकतो, म्हणून फर्नेस चालू ठेवायची नाही. आणि तो विक्रीचा डावही असू शकतो, म्हणून लगेच सही करायची नाही. आपण स्वतः ज्योत पाहावी. ती निळी आणि स्थिर असावी. पिवळी, लवलवती दिसली तर फोन करावा.

थर्मोस्टॅटबद्दल थोडक्यात. २ फेब्रुवारी १९७७ला अध्यक्ष जिमी कार्टर कार्डिगन घालून दूरचित्रवाणीवर आले आणि त्यांनी देशाला दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंश फॅरनहाइट ठेवायला सांगितलं. आजचा सरकारी सल्ला सौम्य आहे: जागेपणी ६८, आणि रोज आठ तास सात ते दहा अंशांनी कमी, म्हणजे वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत बचत. घरात सत्तरीचे आईबाबा असतील तर ६८च्या खाली जाऊ नये, वृद्धांचं शरीर नकळत गारठतं. ७८वर काटा नेला म्हणून घर लवकर तापत नाही, फक्त जास्त वेळ तापत राहतं.

फर्नेस बंद पडलेल्या रात्री विजेचे हीटर बाहेर निघतात. ९ जानेवारी २०२२ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या इमारतीत बिघडलेल्या अशा हीटरनं आग लागली आणि १७ जण गेले. हीटर थेट भिंतीच्या प्लगमध्ये, अंथरूण-पडद्यांपासून तीन फूट दूर ठेवावा आणि झोपताना बंद करावा. ओव्हन उघडा ठेवून किंवा कोळशाची शेगडी आत आणून घर तापवणं कोणत्याही परिस्थितीत नको. फेब्रुवारी २०२१च्या टेक्सासमधल्या हिमवादळात वीज गेल्यावर अशाच उपायांनी अनेक कुटुंबं रुग्णालयात पोचली.

पंधरा-वीस वर्षांच्या फर्नेसवर मोठी दुरुस्ती निघाली तर हीट पंपाचा भाव जरूर विचारावा. तो ज्योत न पेटवता बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. २०२२मध्ये अमेरिकेत त्याची विक्री गॅस फर्नेसच्या पुढे गेली. कडाक्याच्या प्रदेशांत लोक दोन्ही जोडीनं ठेवतात. फर्नेस घेतली तरी घराचा उष्णतेचा हिशेब करून योग्य मापाची घ्यावी. गरजेहून मोठी यंत्रं सतत पेटतात-विझतात आणि लवकर झिजतात.

डिसेंबरात महिनाभर भारतात जाणाऱ्यांसाठी शेवटची काही कामं. थर्मोस्टॅट ५५ अंशांच्या खाली नेऊ नये, कारण आतली हवा गोठण्याइतकी थंड झाली नसली तरी बाहेरच्या भिंतींतले नळ गोठू शकतात. पाण्याचा मुख्य कॉक बंद करून नळ उघडे करावेत. नवा फिल्टर घालून जावं. तापमान घसरल्यावर फोनवर कळवणारा थर्मोस्टॅट असेल तर तो तपासून घ्यावा. आणि शेजाऱ्याकडे किल्ली देताना ते दोन पांढरे पाइप कुठे आहेत, हे त्याला प्रत्यक्ष नेऊन दाखवावं.